बावळियाच्या खळगीत कुमट

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, पाऊस हुकणाऱ्या पट्ट्यात गायरानांवर काम करताना एक प्रश्न मला दर वर्षी ऐकावा लागतो : "इथे झाडं कधी लावणार?" विचारणाऱ्याच्या समोर हिवर उभा असतो, बोराटीच्या जाळ्या असतात, तरवड असतो, पायाला कुसळं टोचत असतात. तरी त्याला तिथे काही दिसत नाही. काटेरी रान आपल्या डोळ्यांना रान वाटतच नाही. ते ओसाड, पडीक. कागदोपत्रीही तसंच. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांमध्ये झुडपी जमिनीला पडीक म्हणून स्वतंत्र रकाना आहे. आणि वनशास्त्रात, चॅम्पियन व सेठ यांच्या १९६८ च्या वर्गीकरणात, उष्णकटिबंधीय काटेरी वन हा भारतीय जंगलांचा सहावा गट आहे, त्याचे दक्षिणी आणि उत्तरी असे दोन पोटगट आहेत. म्हणजे तीच जमीन एका कागदावर वन आणि दुसऱ्यावर पडीक.

या वादात बोलून फारसं काही होत नाही असा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा एक झालेलं काम दाखवलेलं बरं. म्हणून जोधपूरच्या राव जोधा डेझर्ट रॉक पार्कचं हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. गाव आपलं नाही, खडकही आपला नाही. पण तिथे ज्या झाडाशी गाठ पडली ते आपल्याकडे पक्कं ओळखीचं आहे.

जागा

मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याला लागून सुमारे ७० हेक्टरांचा हा खडकाळ तुकडा. राव जोधाने १४५९ साली ज्या टेकडीवर किल्ला बांधायला घेतला तिचाच हा पसारा. आत शहराची जुनी तटबंदी आहे, तलाव आहे, आणि पावसाचं पाणी तलावांकडे नेण्यासाठी खडकात खोदलेली एक जुनी नहर आहे. त्या नहरेच्या तळातून चालताना दोन्ही बाजूंना रायोलाइटच्या कातळाचे थर उघडे दिसतात. साधारण ७५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीतून हा खडक तयार झाला. काही ठिकाणी धगधगती राख साचून, स्वतःच्याच उष्णतेने वितळून एकजीव झालेली आहे. त्याच्या डोक्यावर कुठे कुठे जोधपूरचा प्रसिद्ध वालुकाश्म बसलेला आहे. शहरातली निम्मी घरं ज्याची बांधली तो. किल्ल्याजवळची ही खडकांची मांडणी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केलेली आहे.

माती म्हणाल तर जवळजवळ नाहीच. भेगांत, खळग्यांत, दोन शिळांच्या बेचक्यात वाऱ्याने आणून टाकलेली मूठ-दोन मूठ. पाऊस वर्षाला साधारण ३६० मिलीमीटर, तोही जुलै ते सप्टेंबरमध्ये, आणि भरवशाचा नाही. दुष्काळ जैसलमेरात कायमचा वस्तीला असतो आणि जोधपुरात शोधला तर सापडतो, असं मारवाडात पूर्वापार म्हणतात. मे महिन्यात काळपट कातळावर उघड्या पायाने उभं राहता येत नाही.

अशा जागी काय उगवणार, असं आपण म्हणतो. उगवत होतं, भरपूर उगवत होतं, फक्त सगळं एकच.

बावळिया

या एकाच झाडाला मारवाडात बावळिया म्हणतात, गुजरातेत गांडो बावळ, आणि आपण वेडी बाभूळ. मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं हा त्याचा मूळ मुलूख. भारतात ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलं. जोधपूर संस्थानात त्याचं स्वागतच झालं, आणि त्यात चुकीचं काही वाटायचं कारणही नव्हतं : दुष्काळी मुलखात सरपण हवं होतं, उडती वाळू थांबवायची होती, आणि हे झाड कशालाही दाद न देता वाढत होतं. १९४० साली संस्थानाने त्याला शाही झाडाचा दर्जा देऊन ते राखण्याचं आवाहन केलं. महाराजा उमेदसिंहांनी विमानातून त्याचं बी पेरलं असंही जोधपुरात सांगतात.

पुढची कथा वेड्या बाभळीच्या कुठल्याही गावात सारखीच आहे. शेंगा गोड, शेळ्या-मेंढ्या त्या आवडीने खातात, बी न पचता लेंड्यांतून बाहेर पडतं आणि खत घेऊनच रुजतं. पाला मात्र त्यांना आवडत नाही. म्हणजे जनावर या झाडाचं बी सगळीकडे नेऊन पेरतं आणि त्याच्या रोपाला तोंड लावत नाही, उलट शेजारच्या कुमटाचं (हे बाभळीच्या कुळातलं तिथलं मूळचं झाड), बोरीचं रोप ओरबाडून खातं. वर्षानुवर्षं असं चाललं की पारडं कुणाकडे झुकणार हे वेगळं सांगायला नको. त्यात पाल्यातून मातीत उतरणारी द्रव्यं इतर बियांची उगवण दाबतात. आणि तोडलं तर बुंध्याशी एकाच्या जागी दहा फोक फुटतात. गावोगावी आपण तोडून तोडूनच त्याला दाट केलं आहे.

२००६ साली मेहरानगडच्या संग्रहालय न्यासाने ही जमीन मूळच्या रूपात आणण्याचं काम निसर्ग अभ्यासक प्रदीप किशन यांच्याकडे सोपवलं, तेव्हा पहिला अडसर हाच होता. मातीच्या शेतातलं वेड्या बाभळीचं खोड जेसीबीने उपटता येतं. इथे मूळ कातळाच्या भेगेत शिरून बसलेलं. यंत्र लावायचं तर खडक फोडावा लागणार, आणि खडक हीच तर त्या जागेची खरी दौलत. वरून छाटावं तर पावसाळ्यात पुन्हा गच्च.

छिन्नीचा आवाज

या कोंडीतून वाट काढली ती खांडवालियांनी. जोधपुरात पिढ्यान्‌पिढ्या वालुकाश्माच्या खाणींत राबणारे हे लोक. दगड कुठे फुटेल हे त्यांना कानाने कळतं. हातोडीचा टोला द्यायचा, आवाज ऐकायचा. दगड खणखणीत बोलला तर आत सलग आहे, बद्द बोलला तर खाली फट आहे. मग त्या फटीच्या अंगाने छिन्नी चालवायची.

बावळिया काढायला पूर्ण मूळ खणून काढावं लागत नाही, आणि खडकात ते शक्यही नाही. नवे फोक फुटण्याचे डोळे असतात ते जमिनीलगत, मुळाच्या अगदी वरच्या भागात. तेवढा गड्डा निघाला की खाली राहिलेलं मूळ डोकं वर काढत नाही, तिथेच कुजतं. म्हणजे प्रत्येक झाडाभोवतीचा कातळ हात-दीड हात खोल, हळूहळू, हाताने कोरायचा. एक झाड, मग दुसरं, मग तिसरं, असं सबंध टेकडीभर. शिवाय मातीत पडून राहिलेलं बी दर पावसाळ्यात उगवत राहतं, ते वेगळं. ती रोपटी कोवळी असतानाच उपटावी लागतात, आणि हे काम एका वर्षात संपत नाही.

या प्रकरणातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट इथे येते. गड्डा काढल्यावर खडकात एक खळगी उरते. बावळिया कातळावर वाटेल तिथे उभा नव्हता. खाली भेग होती, ओल उतरायला वाट होती, मूठभर माती होती, तिथेच तो रुजला होता. सत्तर-ऐंशी वर्षं त्याची मुळं खडक चाचपत होती आणि पाणी कुठे मुरतं याचा नकाशा आयता तयार झाला होता. तेव्हा नवीन खड्डे आखायची गरजच नव्हती. जिथून बावळिया निघाला त्याच खळग्यांत मूळची झाडं लावली गेली.

आपल्याकडच्या लागवडीत याच्या बरोबर उलट चालतं. दोरी लावून, सारख्या अंतरावर, रांगेत खड्डे. कागदावर मोजायला सोपं जातं. माळाखालचा मुरूम कुठे सैल आहे आणि कुठे पाषाण वर आला आहे, हे ती दोरी विचारत नाही.

काय लावायचं

दुसरा निर्णयही तितकाच विचाराने घेतला गेला. 'राजस्थानची झाडं' म्हणून सरसकट काहीही आणायचं नाही. थरच्या वाळवंटात वाळूचे टिब्बे आहेत, खारी सपाटी आहे, मुरमाड पठारं आहेत, आणि खडकाळ टेकड्या आहेत. प्रत्येकाची झाडोऱ्याची मंडळी वेगळी. टिब्ब्यावर फोग शोभतो, इथे तो जगणार नाही. खेजडी हे तर मारवाडचं दैवत. आपण दसऱ्याला जिची पूजा करतो ती शमी, आपल्या गावांतली सौंदड, तीच ही. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात तिच्यासाठी ३६३ बिष्णोई माणसांनी प्राण दिले. पण खेजडीचं बळ तिच्या सरळ खोल जाणाऱ्या सोटमुळात, आणि ते मुळात खोल मातीच्या शेतात शोभणारं. कातळावर तिचा आग्रह धरण्यात अर्थ नसतो. म्हणून आधी आसपासच्या, कमी बिघडलेल्या खडकाळ टेकड्या पाहायच्या, तिथे कोण उभं आहे याची नोंद करायची, बी तिथून आणायचं आणि रोपं स्वतः वाढवायची. बाजारातल्या रोपवाटिकेत ही झाडं मिळत नाहीत. हे शेवटचं वाक्य आपल्याकडेही शब्दशः लागू आहे : हेकळ, नेपती, हिंगणबेट यांची रोपं मागून बघा.

त्या खडकावर उभ्या असलेल्या झाडांकडे जवळून पाहिलं की टंचाईत जगायच्या किती तऱ्हा आहेत ते दिसतं.

थोर घ्या. माणसाच्या डोक्याहून उंच वाढणारा, शेकडो हिरव्या कांड्यांचा गोल झुबका. पानं येतात आणि कोरडं पडू लागलं की गळून जातात. अन्न तयार करायचं काम हिरवी खोडं करतात. साधी झाडं दिवसा पर्णरंध्रं उघडून हवा आत घेतात आणि त्याच वाटेने त्यांचं पाणी उडून जातं. अशा मांसल वनस्पती दिवसा दारं लावून घेतात, रात्री गारव्यात उघडतात, आत घेतलेला कार्बन आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवस उगवला की बंद दाराआड ऊन वापरून त्याची साखर करतात. पाण्याचा खर्च त्यामुळे कितीतरी कमी. अंगात साठा आहे म्हणजे कुणीतरी तो प्यायला येणारच, म्हणून काटे आणि डोळ्यांत गेला तर आग करणारा चीक.

या थोराचं आणखी एक काम आहे आणि ते मी तिथे तासभर बसून पाहिलं. झुबक्याच्या बुडाशी वाकून बघितलं तर आत सावली होती, कांड्यांच्या मधे वाऱ्याने अडकवलेली माती आणि पालापाचोळा होता. पांढऱ्या विष्ठेचे ठिपके होते, म्हणजे वर पाखरं बसत होती. आणि मधोमध, चहूकडून काट्यांनी वेढलेलं, करंगळीएवढ्या खोडाचं कुमटाचं रोप होतं. जोडीला एक वेल कांड्यांचा आधार घेत वर निघाली होती. शेळीचं तोंड तिथवर पोचणार नाही. थोराच्या पोटात वाढलेलं झाड मोठं होतं आणि पुढे एक दिवस थोराच्याही वर जातं. खडकाळ रानात नवीन झाड बहुधा असंच कुणाच्या तरी काट्यांच्या आसऱ्याने मोठं होतं. आपल्या माळावर हीच कामगिरी बोराटी करते. ती 'साफ' केली की हिवराची पुढची पिढी संपते.

केरचं, म्हणजे आपल्या नेपतीचं, तंत्र वेगळं. तिला पानं जवळजवळ नसतातच. कोवळ्या फांदीवर चिमुकली येतात आणि पडतात. उरतो हिरव्या काटेरी काड्यांचा गुंता. मुळं मात्र खोल. म्हणून सगळं होरपळलेलं असताना, ऐन उन्हाळ्यात, ती विटकरी-लाल फुलते आणि तिच्या हिरव्या फळांचं लोणचं मारवाडातल्या घराघरांत पडतं. कुमटाच्या चपट्या बिया, केर आणि खेजडीच्या शेंगा, म्हणजे सांगरी, ही पंचकुट्याच्या भाजीतली ठरलेली मंडळी. जिला आपण ओसाडी म्हणतो ती तिथे ताटात असते. मोठ्या दुष्काळांत लोकांनी खेजडीची साल दळून पिठात मिसळून खाल्ल्याच्या नोंदी आहेत.

गुग्गुळ वर्षातला बराच काळ मेल्यासारखा उभा असतो. वाकड्या फांद्या, पान एक नाही. पण खोडावरचा कागदासारखा पापुद्रा नखाने सोलला की खाली हिरवं असतं. तो पापुद्रा पातळ असल्याने ऊन आत झिरपतं आणि साल थोडंबहुत अन्न तयार करत राहते. पावसाची पहिली सर पडली की काही दिवसांत पालवी. आणि या सगळ्यांच्या पायाशी, आपण ज्यांची दखलच घेत नाही ती वर्षायू रोपटी आणि गवतं. त्यांची दुष्काळाशी झुंजच नाही. ती बी होऊन मातीत झोपतात, पावसात उगवतात, काही आठवड्यांत फुलून, बी टाकून मोकळी होतात. सगळं बी एकाच पावसात उगवत नाही, काही मागे राहतं. पहिला पाऊस दगा देऊन गेला तर पुढच्यासाठी.

फळ आणि मर्यादा

फेब्रुवारी २०११ मध्ये जागा लोकांसाठी उघडली. आज तिथे बावळियाच्या एकसुरी गचपणाच्या जागी खडकावरच्या मूळ वनस्पतींचं रान आहे, पायवाटा आहेत, माहिती सांगणारे स्थानिक मार्गदर्शक आहेत. ऑगस्टमध्ये गेलात तर कातळाच्या प्रत्येक भेगेतून हिरवं उसळलेलं दिसेल. मे महिन्यात गेलात तर करडं, तपकिरी, काटेरी दिसेल. माझं मत असं की मे महिन्यातलं रूप हेच कामाचं खरं यश आहे. बारमाही हिरवं दिसावं म्हणून कुणी तिथे ठिबक टाकून करंज आणि गुलमोहर उभे केले नाहीत. जागेला जे वर्ष मिळतं ते वर्ष तिथे दिसू दिलं.

तरी हे प्रकरण जसंच्या तसं उचलता येणार नाही, हे सांगितलं पाहिजे. ७० हेक्टर, एकच मालक, पाठीशी न्यास, चराईपासून राखण, आणि हाताने कातळ कोरणाऱ्या माणसांची वर्षानुवर्षं मजुरी. कच्छमधल्या बन्नीच्या गवताळ प्रदेशात १९६१ पासून वन खात्याने हेच झाड लावलं आणि आज ते हजारो हेक्टरांवर पसरलेलं आहे. तिथे छिन्नी-हातोडा काय करणार? शिवाय तिथे मालधारी, म्हणजे गुरं पाळणारे लोक, आहेत, त्यांची चराऊ गवतं बाभळीखाली गेली, आणि त्याच वेळी त्याच बाभळीच्या कोळशावर कितीतरी घरांची चूल पेटते. आपल्याकडेही भूमिहीन बाईच्या डोक्यावरची मोळी बहुतेकदा वेड्या बाभळीचीच असते. ती एका फटक्यात काढून टाका म्हणणाऱ्याने आधी त्या चुलीचं काय ते सांगावं. जोधपूरच्या टेकडीवर हा प्रश्न लहान होता. गायरानावर तो पहिला असतो.

आपल्या माळावर

आमच्या कामाच्या एका गायरानावर काही वर्षांपूर्वी एका योजनेतून लागवड झाली. यंत्राने सलग चर मारले, चरांच्या बांधावर गिरिपुष्प आणि इतर परकी रोपं लावली. चर मारताना कुसळी आणि पवन्या या गवतांचे जुने ठोंब उपटले गेले, बोराट्या उचकटून कडेला टाकल्या गेल्या. दोन उन्हाळ्यांत बरीचशी रोपं वाळली. चरांची उकरलेली मोकळी माती मात्र वेड्या बाभळीला मानवली. आज लांबून बघितलं तर चर कुठे होते ते बाभळीच्या रांगांवरून कळतं. झाडं लावायच्या हौसेपायी आम्ही एक उभं रान मोडलं, आणि मी तेव्हा बोललो नाही याचं मला वाईट वाटतं.

जोधपूरहून परतल्यावर गावातल्या एका जाणत्या मेंढपाळाला सोबत घेऊन तो माळ पुन्हा पायी पालथा घातला. हातात पहार होती. चर न पडलेल्या भागात जिथे जिथे जुनी वेडी बाभूळ होती तिथे आपटून बघितलं. बहुतेक ठिकाणी पहार मऊ गेली : लवणाच्या, म्हणजे सखल खोलगट भागाच्या, कडेने, कुजलेल्या मुरमाच्या पट्ट्याने, पाणी जिरतं त्या रेषेने त्या उभ्या होत्या. त्यांच्यापासून पाच-सहा हातांवर पहार खण्ण वाजून परत येत होती. मेंढपाळबाबांनी सांगितलं की त्यांच्या लहानपणी याच रेषेने हिवर होते, मेंढरं दुपारी तिथेच बसायची.

ठरलं ते असं. सरपणाला लागणारी बाभूळ ओढ्याकडच्या अंगाला राहू द्यायची, तिथली तोडणी ज्या घरांची आहे त्यांचीच ठेवायची. लवणाच्या रेषेवरची चाळीसेक झाडं उन्हाळ्यात गड्ड्यासकट काढायची. त्यांच्या खळग्यांत हिवर, हिंगणबेट आणि नेपती, बी याच शिवारातलं. प्रत्येक रोपाभोवती बोराटीच्या फांद्यांचं कुंपण. चराच्या बाहेरचं गवत एक पावसाळा बंद ठेवायचं आणि कापून न्यायचं, चारायचं नाही. हे मेंढपाळबाबांनीच सुचवलं.

हिवराचं बी गोळा करताना त्यांनी मला एका बोराटीच्या जाळीपाशी नेलं. काठीने फांद्या बाजूला केल्या. आत तीन रोपं होती, गुडघ्याएवढी, पांढरे काटे फुटलेली. न लावलेली. "ही मोजा आधी," ते म्हणाले. वहीत पहिल्या ओळीत त्या तीन हिवरांची नोंद केली आणि जाळी पुन्हा जशी होती तशी मिटवून ठेवली.